आपली कल्हई आपणच करणारी तार

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबा नगरीजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचा एक शल्यवैद्य राहत होता. आयुष्यभराचा अनुभव त्यानं ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या अरबी ग्रंथात लिहून ठेवला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात दातांवर बरीच प्रकरणं आहेत, आणि हलणारे पुढचे दात तारेनं एकमेकांशी कसे विणून बांधावेत, हेही सांगितलं आहे. तार सोन्याची घ्यावी की चांदीची? अल-जहरावीचा कौल सोन्याला आहे. कारण देताना तो सोन्याच्या मोलाबद्दल किंवा दिसण्याबद्दल काही बोलत नाही. चांदी तोंडात काही दिवसांत हिरवी पडते आणि खराब होते, सोनं आहे तसं राहतं, एवढंच त्याचं म्हणणं. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डनं टोलेडोत बसून हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपातले वैद्य पुढं कित्येक शतकं तो वाचत राहिले.

आज शाळकरी मुलामुलींच्या दातांवर जी तार चमकताना दिसते, तिचा इतिहास मी या निरीक्षणापासून मोजतो. तोंड ही धातूला राहायला फार वाईट जागा आहे. तिथं टिकेल असा धातू शोधण्यातच या तारेचं सगळं आयुष्य गेलं.

चांदी खराब होते हे अल-जहरावीनं पाहिलं. तोंडात नेमकं काय चालतं हे कळायला आणखी जवळजवळ नऊशे वर्षं लागली. तोंड कायम ओलं असतं, कोमट असतं, लाळेत क्षार असतात. १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं सविस्तर मांडलं, की तोंडातले जंतू अन्नातल्या साखरेचं आणि पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. म्हणजे आम्ल फक्त चिंच-आमसूल खाणाऱ्याच्या तोंडात असतं असं नाही. पेढा खाणाऱ्याच्या तोंडातही ते घरच्या घरी तयार होतं.

आम्ल आणि धातू यांचं वैर आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. या एका क्रियापदात रसायनशास्त्राचा अख्खा धडा आहे. कळकू नये म्हणून कल्हई. आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाल्यांची दोन घरं होती. जमिनीत खड्डा, त्यात निखारे, शेजारी भाता. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्यानं ते आतून झरझर फिरवायचं. पांढऱ्या धुरातून चांदीसारखं लख्ख पातेलं बाहेर यायचं. पण ती कल्हई घासून घासून जायची आणि काही महिन्यांनी कल्हईवाल्याची आरोळी पुन्हा कानावर यायची. हा कथलाचा थर लक्षात राहू द्या, पुढं त्याची गरज पडणार आहे.

वेडेवाकडे दात सरळ करण्याचं शास्त्र रीतसर लिहून काढलं ते फ्रान्सच्या पिएर फोशारनं. १७२८ च्या त्याच्या ग्रंथात सोन्याची किंवा चांदीची नालेसारखी वाकवलेली पट्टी आहे. तिला भोकं पाडून दोऱ्यानं दात तिच्याशी बांधायचे. पण या विद्येला शिस्त लावली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यानं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. अँगल हट्टी आणि भांडखोर, पण कल्पक होता. प्रत्येक रोग्यासाठी सोनाराप्रमाणं नवा दागिना घडवत बसण्यापेक्षा तयार सुटे भाग विकावेत, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यासाठी स्वस्त धातू हवा होता. त्यानं जर्मन सिल्व्हर घेतलं. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कण नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू, म्हणजे पितळेचाच गोरा भाऊ. (आपल्याकडं खेड्यापाड्यांत ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात ते ॲल्युमिनियमचं, हे ते नव्हे.) अँगलचा समकालीन जॉन फरार यानं लगेच आक्षेप घेतला, की हा धातू तोंडात काळवंडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर अँगलची तार कळकत होती. अँगल धातूंचं प्रमाण बदलून बघत राहिला. पुढं सोन्याच्या मिश्रधातूंचीच सरशी झाली आणि १९३० मध्ये अँगल वारला तेव्हाही तार म्हणजे मुख्यतः सोन्याचीच होती. सोन्याची तार परवडणारी घरं किती असणार, ते सांगायला नको.

हे चित्र बदलायला एक वेगळीच गोष्ट कारणीभूत झाली, आणि तिचं मूळ १८३६ सालच्या पत्रव्यवहारात आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यानं लंडनला मायकेल फॅरेडेला एक चमत्कार कळवला. लोखंड सौम्य नायट्रिक आम्लात टाकलं तर फसफसून विरघळतं. तेच लोखंड अतितीव्र आम्लात टाकलं तर ढिम्म बसून राहतं! बाहेर काढून सौम्य आम्लात टाकलं तरी गप्पच. मग त्यावर एक ओरखडा ओढा, की लगेच विरघळायला लागतं. फॅरेडेनं अंदाज बांधला, की लोखंडाच्या अंगावर ऑक्सिजनशी संयोग होऊन एक अदृश्य पापुद्रा धरत असावा आणि तोच त्याला राखत असावा. तो अंदाज पुढं खरा ठरला.

१९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमियम घातलेलं पोलाद करून बघत होता. पोलादाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर आधी त्यावर आम्ल लावावं लागतं. या नव्या पोलादावर आम्ल चालेचना. मग त्यानं व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग नाही. बंदुकीचं बाजूला राहिलं आणि शेफील्डच्या सुऱ्या-चमच्यांना नवा धातू मिळाला. जर्मनीत क्रुप कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच क्रोमियमबरोबर निकेल घालून केलेल्या पोलादाचं पेटंट घेतलं होतं. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हे प्रसिद्ध प्रमाण त्याच घराण्यातलं.

या पोलादाचं मर्म असं, की त्यातलं क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर साय धरतं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांइतकी पातळ. ओरखडा पडला तर तिथं क्षणात नवी साय धरते. ना भाता, ना नवसागर. आपली कल्हई हा धातू आपणच करतो. १९३० च्या दशकात स्टेनलेस स्टीलची तार दंतवैद्यांच्या हाती आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं सोन्याला बाजूला सारलं. तार प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती अशी. याच स्टीलची पातेली पुढं आपल्याकडं बोहारणी जुन्या लुगड्यांवर देऊ लागल्या, आणि आमच्या मोहल्ल्यातला भाता हळूहळू थंडावला.

आता गोष्टीतलं दुसरं पात्र. फ्लोराइडचा उगम ज्या फ्लुओरीन मूलद्रव्यात आहे, त्यानं रसायनशास्त्रज्ञांचे प्राण घेतले आहेत. १७७१ मध्ये स्वीडनच्या शीलनं त्याचं आम्ल अभ्यासलं, तेव्हा ते काचेचं पात्रच खाऊ लागलं. काचेवर नक्षी कोरायला हेच हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. त्यातून फ्लुओरीन वेगळा काढण्याच्या नादात बेल्जियमचा लुयेत आणि फ्रान्सचा निक्लेस यांना विषबाधेनं मरण आलं. अखेर १८८६ मध्ये आंरी मुआसाँनं प्लॅटिनमच्या पात्रात ते साधलं आणि १९०६ चं नोबेल मिळवलं.

असा हा राक्षस दातांचा वैद्य कसा झाला? १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेला. तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागांनी भरलेले, पण किडलेले फारच थोडे. कारण शोधण्यात त्याची तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञानं पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं. ट्रेंडली डीन यानं पुढं हिशोब मांडला, की लिटरमागं सुमारे एक मिलिग्रॅम एवढंच फ्लोराइड असलं तर डाग नगण्य आणि कीड कमी. १९४५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मोजून घालायला सुरुवात झाली. १९५६ मध्ये अमेरिकाभर विकायला आलेल्या ‘क्रेस्ट’ पेस्टमध्ये जे फ्लोराइड होतं ते कशाचं होतं, माहीत आहे? कथलाचं! कल्हईवाल्याचं कथील आता दातांवरून फिरू लागलं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

आपल्या देशात मात्र या कहाणीची काळी बाजू आधी पुढं आली. आजच्या आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम भागात १९३७ मध्येच विहिरीच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं वाकलेली, ताठरलेली माणसं वैद्यकीय नोंदीत आली होती. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांचं पाणीही याच दोषाचं आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत १९७० च्या दशकात बसवली ती नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं. तारेच्या बाबतीत या पाण्याची भीती नाही. लिटरमागच्या तीन-चार मिलिग्रॅमनं तारेचं काही बिघडत नाही. ते पाणी बिघडवतं ते मुलाची हाडं आणि दात. दाताच्या पेस्टमधल्या फ्लोराइडचं प्रमाण त्याच्या कित्येक पट असतं, पण ती आपण थुंकून टाकतो.

तिसरं पात्र एका लष्करी प्रयोगशाळेतून आलं. १९५९ च्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या मेरीलँडमधल्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होता. निकेल आणि टायटॅनियम समसमान अणूंनी मिसळून केलेल्या कांड्या त्यानं जमिनीवर टाकून पाहिल्या. गार झालेली कांडी दगडासारखी ठप्प वाजली. गरम कांडी घंटेसारखी खणखणली. त्याच्या ध्यानात आलं, की उष्णतेनं या धातूची आतली मांडणीच बदलते. पुढं एका बैठकीत घड्या घातलेली त्याची पट्टी हातोहात फिरत असताना कुणीतरी आपल्या पाइपच्या लायटरची ज्योत तिच्याखाली धरली आणि पट्टी आपोआप सरळ झाली. निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं मिळून धातूचं बारसं झालं: निटिनॉल.

१९७१ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज आंद्रेसननं या धातूची तार दातांसाठी पुढं आणली. स्टीलची तार जोरात ओढते आणि लवकर दमते. निकेल-टायटॅनियमची तार कितीही वाकवली तरी मूळ आकाराकडं परतण्यासाठी हळुवार, सलग ओढत राहते. मुलाला दुखतं कमी, दवाखान्याच्या खेपाही कमी. १९८० च्या सुमारास निकेल नसलेली, बहुतांश टायटॅनियमची ‘बीटा-टायटॅनियम’ तारही आली. टायटॅनियमची कल्हई तर स्टीलपेक्षाही चिवट. समुद्राचं पाणीही तिला काही करू शकत नाही. (टायटॅनियमचं खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. केशवसुतांच्या मालगुंडकडं जाताना ती पायाखाली येते.) अल-जहरावीला हवी होती ती तार सापडली, असं वाटावं, असा तो काळ होता.

आणि इथंच तिन्ही पात्रांची गाठ पडली. तार लावली की दातावर चिकटवलेल्या खिट्यांभोवती अन्न अडकतं, ब्रश नीट पोचत नाही. जंतू तिथं आम्ल करतात आणि काही आठवड्यांत इनॅमलवर खडूसारखे पांढरे डाग उमटू लागतात. कीड लागण्याची ती पहिली पायरी. दोन वर्षांनी तार निघावी, दात रांगेत यावेत, पण प्रत्येक दातावर खिटीच्या आकाराचा डाग असावा, हे दुःख अनेक घरांनी पाहिलं आहे. त्यावर उपाय फ्लोराइडचा. १९६३ मध्ये बॉस्टनच्या ब्रुडेव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फ्लोराइड आंबट करून लावलं तर इनॅमल ते अधिक शोषतं. तेव्हापासून दवाखान्यांत सव्वा टक्क्याच्या आसपास फ्लोराइडचं, तीन ते साडेतीन पीएचचं आंबट जेल रूढ झालं.

दाताला मानवलेला हा आंबटपणा टायटॅनियमच्या मुळावर आला. साध्या, आम्ल नसलेल्या पाण्यात फ्लोराइड एकटं हिंडतं आणि टायटॅनियमच्या सायीला फारसं काही करू शकत नाही. आम्ल मिसळलं की त्यातला काही भाग हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनतो. शीलचं काचपात्र खाणारं ते हेच. १९९९ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची मर्यादा काढली: हे आम्ल दहा लाखांत तीसपेक्षा जास्त भाग झालं की टायटॅनियमची साय टिकत नाही. आता हिशोब करा. दहा लाखांत हजार भाग फ्लोराइड असलेल्या, आम्ल नसलेल्या पेस्टमध्ये या आम्लाचा पाव भागही नसतो. पण तोंडातला आंबटपणा चार पीएचपर्यंत उतरला, तर तेवढ्याच फ्लोराइडमधून शंभराहून अधिक भाग तयार होऊ शकतात. आंबट जेलमध्ये तर हजारो. लिंबू सरबताचा किंवा कोलाचा पेला रिकामा करून लगेच ब्रश हातात घेणाऱ्या मुलानं चार पीएच गाठणं अवघड नाही. त्यानं आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरली आणि थोडा वेळ जाऊ दिला, तर लाळ उरलेलं काम करते.

साय गेल्यावर जे होतं ते नुसत्या झिजेपेक्षा वाईट. उघडं पडलेलं टायटॅनियम आम्लाशी झगडताना हायड्रोजन सुटतो आणि धातू तो पिऊन घेतो. बाहेरून तार तशीच दिसते, थोडी मळकट झालेली. आतून ती ठिसूळ होत जाते आणि ताण असताना एके दिवशी पटकन मोडते. जपानच्या संशोधकांनी २००१ मध्ये खऱ्या रोग्यांच्या तोंडात तुटलेल्या निकेल-टायटॅनियम तारा तपासल्या आणि २००३ मध्ये आंबट फ्लोराइडच्या द्रावणात ताणून ठेवलेल्या तारा अशाच मोडताना दाखवल्या. बीटा-टायटॅनियमचंही तेच झालं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संशोधकांनी तारा दीड तास फ्लोराइड जेलमध्ये बुडवल्या. दीड तास म्हणजे रोज एक मिनिट असे तीन महिने. तारा मोडल्या नाहीत, पण निकेल-टायटॅनियमच्या साध्या तारेची परत ओढण्याची ताकद घटली, आणि आम्ल नसलेल्या जेलमध्येही ती घटलेली दिसली. २००७ मध्ये त्यांनीच स्टीलच्या तारेवरही परिणाम नोंदवला. तेव्हा सगळा दोष आंबटपणाचाच, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

ताकद घटली म्हणजे काय? ज्या दाताला चार महिन्यांत सरकायचं त्याला सहा लागू शकतात. तार मोडली म्हणजे तालुक्याच्या गावाहून एसटीनं जिल्ह्याला यायचं, वडिलांचा रोज बुडायचा, मुलीची शाळा बुडायची. प्रयोगशाळेतल्या आलेखांवर हे दिसत नाही. तोंडात लाळ सतत फ्लोराइड पातळ करते, त्यामुळं प्रयोगशाळेपेक्षा तिथं नुकसान कमी होतं, हेही खरं. निकेल-टायटॅनियमच्या तारेत वजनानं निम्म्याहून जास्त निकेल असतं. साय फाटली की तेही लाळेत उतरतं. खोट्या कर्णफुलांनी कान चिघळणाऱ्या मुलींनी ही गोष्ट दंतवैद्याच्या कानावर घालायला हवी.

ही संशोधनं वाचून फ्लोराइडची पेस्टच बंद करणारे पालकही भेटतात. मला तो निर्णय उफराटा वाटतो. तार काही महिन्यांत बदलायचीच असते. तिच्या जागी नवी येते. इनॅमल एकदा पोखरलं की पुन्हा उगवत नाही. तार लावलेल्या मुलांनी फ्लोराइडची पेस्ट सोडू नये, हेच दंतवैद्यकाचं आजचं सांगणं आहे. बदल झाला तो जेलच्या निवडीत आणि वेळेत. चिनी मातीच्या टोप्या बसवलेल्या दातांसाठी आंबट जेल आधीपासूनच टाळलं जाई, कारण ते त्या टोप्यांचंही पाणी उतरवतं. आता टायटॅनियमच्या तारेसाठीही आम्ल नसलेलं जेल वापरणं किंवा तार काढलेली असताना जेल लावून मग नवी तार बसवणं, हे मार्ग आहेत. आपल्या मुलाच्या तोंडात कुठली तार आहे, स्टीलची, निकेल-टायटॅनियमची की बीटा-टायटॅनियमची, हे पालकांनी दंतवैद्याला विचारलं तर त्यात आगाऊपणा काही नाही. एकाच मुलाला उपचाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तिन्ही लागू शकतात, आणि सुरुवातीला बहुधा निकेल-टायटॅनियमचीच असते.